बादलीत कालवलेला हिरवा

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी रंगाचा ब्रश आहे. माझी उंची वीतभर आणि डोक्यावर केस म्हणाल तर आता अकरा. तरुणपणी चाळीस होते. हसू नका. माझ्या मालकाचे वय बेचाळीस आहे आणि त्याचीही परिस्थिती फारशी निराळी नाही.

माझे केस एका थंड मुलखातल्या प्राण्याच्या शेपटीचे. दांडीवर पाच शून्ये कोरलेली. ब्रशांच्या जातीत जितकी शून्ये जास्त तितके टोक बारीक आणि तितका मान मोठा. पाच शून्यांचा ब्रश म्हणजे आमच्यातला घाटावरचा शास्त्रीच. मी जन्मतःच गर्विष्ठ होतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

नऊ वर्षांपूर्वी मला मकरंदने आणले. मकरंद मूळचा पुण्याचा, नोकरी कॉम्प्युटरची, घर हैदराबादेत विद्यानगरला. त्याचा छंद असा, की प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायच्या. छोट्या म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये. एकदा एका विमानाच्या पोटाखालचे झाकण करडे होते की निळसर करडे, यावरून तो परदेशातल्या एका अनोळखी माणसाशी दोन महिने इंटरनेटवर भांडत होता. विमान मेजावर ठेवले की ते झाकण खाली जाते, मुंगीलासुद्धा दिसत नाही. त्याची बायको पल्लवी हे त्याला म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, “मला माहीत असतं ना, पण.”

ते माझे वैभवाचे दिवस होते. वैमानिकाच्या पट्ट्याचे बक्कल मी रंगवले. विमानातल्या घड्याळाचे, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढ्या तबकडीवरचे, काटे मी रंगवले. एका प्रदर्शनात एक गृहस्थ भिंग लावून म्हणाले, “अहो, ह्यातली सूचना वाचता येतेय.” मी डब्यात पडल्या पडल्या ऐकत होतो आणि फुगत होतो.

मग एके दिवशी ऑफिसचा फोन आला. मकरंदने मला घाईघाईत पाण्याच्या पेल्यात उभे केले, तेही डोके खाली, पाय वर. फोन तीन तास चालला. मित्रांनो, ब्रशाला केसांवर उभे करणे म्हणजे माणसाला नाकावर उभे करण्यासारखे आहे. मी बाहेर आलो तो केस चारी दिशांना फाकलेले. नंतर किती तेल-साबण झाले, किती वेळा ओठांत धरून टोक काढले, पण माझे टोक गेले ते गेलेच.

मग घसरण. आधी डिंक लावायचे काम दिले. मग रंग ढवळायचे. शेवटी पल्लवीने मला कॉम्प्युटरच्या कळफलकातले पोह्यांचे कण काढायला नेले. माझ्या जागी एक नवा ब्रश आला. त्याच्या डोक्यावर पारदर्शक टोपी असे आणि तो कुणाशी बोलत नसे. मी त्याचा मनापासून दुस्वास केला.

आता खरी गोष्ट सांगतो.

पल्लवीचे वडील एकनाथराव हैदराबादेतच नल्लकुंट्याला राहतात. त्यांच्या घराण्यात सगळे वकील नाहीतर मास्तर, हे एकटेच हातात पाना धरणारे निघाले. तरुणपणी हवाई दलात विमानांची देखभाल करत. सासरे-जावयांत बोलणे बेताचे होते. “जेवलात?” “हो.” “ऑफिस?” “चाललंय.” इतकेच. नऊ वर्षांत एकनाथरावांनी जावयाकडे काही मागितले नव्हते.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात ते रिक्षाने स्वतः विद्यानगरला आले. चहाला हात न लावता म्हणाले, “मकरंदराव, एक काम होतं. आमचं विमान करून द्याल का?”

एकाहत्तरच्या लढाईत एकनाथराव ज्या विमानाकडे होते, ते नॅट नावाचे चिमुकले एका माणसाचे विमान चौबळसाहेब उडवत. साहेब आता ऐंशीचे, पुण्यात असतात. त्यांची नात हैदराबादला नोकरीला लागली होती. तिच्याकडे येताना ते चौदा डिसेंबरला एकनाथरावांना भेटायला येणार होते. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.

एकनाथराव गेल्यावर पल्लवीने नवऱ्याला बाकीचे सांगितले. “आई सांगायची. लढाई लागली तेव्हा विमानं चांदीसारखी चकचकीत होती. वरून दिसू नयेत म्हणून एका संध्याकाळच्या आत त्यांना हिरवा-तपकिरी रंग द्यायचा हुकूम आला. बाबांनी दिला. चौबळसाहेब आले, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एकनाथ, हे विमान आहे की भाजीची हातगाडी?’ बाबा ते विसरले नाहीत. आमच्याकडे अजून कुणी हातगाडीवरून भाजी घेत नाही, दुकानातून आणतात.”

म्हणजे काय करायचे होते, ते तुमच्या लक्षात आलेच असेल. साहेबांनी ते विमान पुन्हा एकदा नीट बघावे आणि आपला शब्द मागे घ्यावा, एवढीच त्या म्हाताऱ्या माणसाची इच्छा होती.

मकरंदला तर आनंदाचे भरतेच आले. ज्याने खऱ्या विमानाला हाताने रंग लावला तो माणूस घरातच होता आणि इतकी वर्षे आपण त्याला ‘जेवलात?’ विचारत होतो, याचे त्याला फार वाईट वाटले. तो वही घेऊन नल्लकुंट्याला गेला. एकनाथरावांनी सांगितले, मकरंदने लिहून घेतले. रंग स्प्रे गनने दिला. कडा अगदी साफ. एक ओघळ नाही, एक फटकारा नाही. “एकदम सफाईचं काम होतं, मकरंदराव. साहेबांना घाई होती, त्यांनी बघितलंच नाही बराबर.”

खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे विमान जोडून झाले. नव्या ब्रशाने आणि हवेच्या पिचकारीने रंग चढला. पुस्तकातला हिरवा, नंबरासकट. एकनाथरावांनी ते डोळ्यांपुढे धरले आणि म्हणाले, “हा नव्हे. हा पोपट झाला.”

रंग उतरवायला मकरंदने विमानाला साथीच्या वर्षांत उरलेल्या सॅनिटायझरची आंघोळ घातली. घरात त्याचे अजून सात डबे होते. दुसरा हिरवा लावला. “हा भेंडी.” पुन्हा आंघोळ. तिसरा “जरा पालकाकडं जायला.” भाजीची हातगाडी विसरू न शकलेला माणूस रंग सांगताना भाजीशिवाय दुसरे काही बोलत नव्हता, पण हे त्याला सांगणार कोण?

शेवटी दोघे अफझलगंजच्या बाजारात एका जुन्या रंगवाल्याकडे गेले. मीही पिशवीत होतो, नमुने ढवळायला. रंगवाल्याने पन्नास हिरव्यांचे कार्ड उघडले.

“कौनसा होना साब?”

“फौजी ट्रक का रहता ना, वैसा. पुराना,” एकनाथराव म्हणाले.

“नया ट्रक के पुराना?”

“नया ट्रक, पुराने जमाने का.”

रंगवाल्याने शांतपणे कार्ड मिटले. “साब, घर को लगाना है क्या ये?”

“हवाई जहाज को,” मकरंद म्हणाला.

“कित्ता बडा है जहाज?”

मकरंदने वीत दाखवली. रंगवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पोराला चहा आणायला सांगितले. आजारी माणसाला बसवून घ्यावे, तसे त्याने त्यांना बसवून घेतले. पण माणूस गुणी होता. ट्रकचा हिरवा आणि दाराला देतात तो तांबडा, अशा दोन लहान डब्या त्याने दिल्या.

“तांबडा कशाला?” मकरंदने वाटेत विचारले.

“असू द्या,” एकनाथराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला तेव्हाच संशय आला होता.

दहा डिसेंबरला चौबळसाहेबांनी पल्लवीच्या फोनवर एक जुना काळा-पांढरा फोटो पाठवला. साहेब विमानाला लावलेल्या शिडीवर उभे, दात काढून हसताहेत. त्यांच्या पायांनी आणि शिडीने विमानाची अर्धी बाजू झाकलेली. पण उरलेल्या बाजूवर जे दिसत होते ते पाहून मकरंदचा चहा गार झाला. सगळ्या अंगावर फटकारे. जाड, आडवेतिडवे, केसाळ फटकारे. एक ओघळ तर थेट चाकापर्यंत गेलेला.

आता प्रसंग बाका होता. इंटरनेटवरच्या पोलंडच्या नाहीतर पेरूच्या माणसाला खोटे पाडणे सोपे असते. सासऱ्याला खोटे कसे पाडायचे? मकरंदने रात्रभर विचार केला, सकाळी माझ्यासकट रंगांचा डबा घेऊन तो पल्लवीबरोबर नल्लकुंट्याला गेला आणि प्रश्न केला तो असा, “बाबा, त्या काळच्या स्प्रे गन जरा... फटकारे मारायच्या का?”

“हौ,” एकनाथराव म्हणाले. “जुन्या होत्या.”

पल्लवीने फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. “बाबा, ह्या स्प्रे गनचा एक केस विमानाला चिकटलाय.”

मग एकनाथरावांनी चष्मा काढून पुसला, तो साफच होता तरी.

“गन होती एक,” ते म्हणाले. “पहिल्याच विमानाला चोंदली. सहा विमानं, दिवस मावळायला दोन घंटे. रंग कुठला? ट्रकांचा हिरवा होता, क्वार्टरच्या दारांचा तांबडा होता. बादल्यांत कालवला. आणि चुना मारायचे कुंचे आणले भांडारातून. मारला. काय करणार? मी तेव्हा पंचवीसचा. हातपाय कापायलेते माझे. साहेब बोलले ते खरंच होतं. दिसतच होती हातगाडी.”

मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटले. चोपन्न वर्षे माणसाने मनातल्या मनात एकच विमान घासून-पुसून साफ करत बसायचे, हे काही बरे नाही.

मकरंदला मात्र वाईट वाटले नाही. तो लहान मुलासारखा उभा राहिला. “बाबा, प्रमाण किती होतं? हिरव्याला तांबडा किती?”

“तीन डबे हिरवा, एक डबा तांबडा. बाकी उरलेलं काहीबाही.”

“मग पुस्तकात कसा सापडेल?” मकरंद म्हणाला. “हा रंग पुस्तकात नाहीच. तुमच्या बादलीत आहे.” त्याने बशी आणली आणि ठेवली सासऱ्यापुढे. एकनाथरावांनी मला उचलले, ढवळायला मीच होतो, आणि तीन थेंब हिरव्यात एक थेंब तांबडा घालून गोल गोल फिरवू लागले. बशीत एक मळकट, उदासवाणा हिरवा उतरला. सुंदर तर मुळीच नव्हता. एकनाथरावांचा हात थांबला. “हा,” ते म्हणाले. “हाच की.”

रंग मिळाला, पण भांडण पुढेच होते. मकरंदला आता फटकारे हवे होते, ओघळासकट. एकनाथराव ऐकेनात.

“म्हणजे तुम्ही पुन्हा तीच हातगाडी साहेबांपुढं ठेवणार? नक्को. साफ करा. बिलकुल साफ.”

“पण बाबा, ते खोटं होईल.”

“होऊ द्या. तुम्हाला कोण बोलणार हाय? बोलणी मला बसतील.”

यावर उत्तर पल्लवीला सुचले. तिने ट्रे पुसता पुसता, मान वर न करता म्हटले, “साफ विमान बाजारात मिळतं, बाबा. साहेब ते बघायला नल्लकुंट्यापर्यंत कशाला येतील?”

एकनाथराव उठून आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले, आणि म्हणाले, “ओघळ चाकापर्यंत होता. तेवढा तरी आखूड करा.” तहाची हीच अट होती. मकरंदने ती मान्य केली आणि नंतर पाळली नाही.

आता माझ्या शत्रूची फजिती ऐका. वीतभर विमानावर चुन्याच्या कुंच्याचे फटकारे काढायचे, तर फटकारा केसाएवढा बारीक हवा आणि तरी विस्कटलेला. नव्या ब्रशाने रेघ ओढली, सरळ आली. दुसरी ओढली, आणखी सरळ आली. बिचाऱ्याला वाईट काम करताच येईना. मकरंदने कपाळ पुसले, डबा धुंडाळला आणि त्याचा हात माझ्यावर पडला. माझे अकरा केस, पाच बाजूंना फाकलेले. त्याने मला बशीत बुडवले, फडक्यावर निम्मे पुसले आणि विमानाच्या पंखावर एक हात मारला. हुबेहूब कुंचा. शेजारी बसलेले एकनाथराव पुढे वाकले आणि पुटपुटले, “अरे देवा.” दोन संध्याकाळी मी एकट्याने ते विमान रंगवले. जन्मभर कोरीव कामाचा गर्व केला आणि नाव निघाले ते चुनेवाल्याच्या कामाने. पण खरे सांगतो, इतका आनंद मला बक्कल रंगवतानाही झाला नव्हता.

चौदा तारीख आली. मकरंदने ऐनवेळच्या दुरुस्तीसाठी रंगांचा डबा बरोबर घेतला, त्यात मी होतो. नल्लकुंट्याच्या बैठकीत स्टुलावर पांढरे फडके, फडक्यावर विमान. एकनाथरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बटणे एक घर चुकली होती. सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

साहेब आले. उंच, पाठीत वाकलेले, हातात काठी. “एकनाथ, म्हातारा झालास रे,” एवढेच म्हणून त्यांनी दाराजवळच एकनाथरावांचा खांदा धरला. मग बसले. पुरणपोळी नको म्हणाले आणि दोन खाल्ल्या. मग विमान उचलले.

मकरंदच्याने राहवेना. “सर, रंग बघा. ट्रकचा हिरवा आणि दाराचा तांबडा, तीनास एक. फोटोतले फटकारे मोजून घेतलेत. शेड बरोबर आहे ना?”

“रंग?” साहेब म्हणाले. “रंगाचं मला काय विचारता? मी आत बसायचो.”

मकरंदचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन आंघोळी, अफझलगंज, बादली, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावे. एकनाथराव तर खाली मान घालून हातगाडीची वाट बघत होते. साहेबांनी विमान फिरवले, डावी बाजू डोळ्यांजवळ नेली, भिंग मागितले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

“एकनाथ, पंजा कुठाय?”

“कसला पंजा, साहेब?”

“तुझा. शिडीच्या वर, मी आत चढायचो तिथे. माझे पट्टे बांधताना तू ओल्या रंगावर हात टेकलास. पाची बोटं उमटली होती.”

एकनाथरावांनी मान वर केली. “ते... ते राहून गेलं, साहेब. पुसायला वेळ नव्हता. तुम्ही तर आधीच बोलले होते.”

“काय बोललो?”

“हातगाडी म्हणून.”

साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरेच केला, मी पाहत होतो. “असेल बोललो,” ते म्हणाले. “घाबरलो होतो रे मी. सकाळी उडायचं होतं. मागं कुणी बघितलं तर रडतोय असं वाटू नये म्हणून काहीतरी थट्टा केली असेल. तू ती एवढी वर्षं ठेवलीस?” मग जरा थांबून म्हणाले, “त्या पंजावर हात ठेवून मी चढायचो. रोज. वाटायचं, खालून कुणीतरी धरलंय. रंग चांगला होता, एकनाथ. मी कुणाला दिसलो नाही.”

एकनाथरावांनी विमान साहेबांच्या हातून घेतले आणि शिडीच्या वरची जागा बोटाने चाचपली.

मकरंदने डबा उघडला. त्याच्या विमानाला हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. त्याने बशीत तीनास एक कालवले, मला बुडवले आणि सासऱ्याच्या हातात दिले. “बाबा, तुम्ही.”

त्यांच्या हातातून मला सगळे हलताना दिसत होते, बैठक, साहेब, स्टूल. त्यांनी मला शिडीच्या जागेवर एकदा टेकवले आणि उचलले. माझ्या फाकलेल्या केसांच्या पाच झुपक्यांचा तिथे पंजा उमटला, मोहरीच्या दोन दाण्यांएवढा. पण एक केस बाजूला होता, त्याचेही बोट उमटले.

“सहा झाली,” मकरंद म्हणाला आणि सवयीने त्याचा हात डब्यातल्या सॅनिटायझरकडे गेला.

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. काठी बाजूला ठेवून त्यांनी आपल्या करंगळीचे टोक त्या ओल्या पंजाशेजारी हळूच टेकवले आणि एकनाथरावांकडे पाहून हसले.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. विमान आता साहेबांकडे पुण्यात आहे, आणि मी मकरंदच्या डब्यात वरच्या कप्प्यात, नव्या ब्रशाच्या शेजारी. जुन्या ब्रशाने उपदेश करावा अशी रीत आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ब्रश वापरलात की धुऊन आडवा ठेवा, त्याला केसांवर उभे करू नका. आणि कुणी घाईत, कापऱ्या हातांनी तुमच्यासाठी काही करून दिले, तर ते चांगले झाले म्हणून त्याच संध्याकाळी सांगा. एकनाथराव चोपन्न वर्षे थांबले. परवा त्यांनी दारावर हातगाडी थांबवली आणि पालकाच्या दोन जुड्या घेतल्या.